पाहुण्यांचं पाणी

लातूरहून निघताना माझ्या पिशवीत सगळ्यांत जास्त जागा एका रिकाम्या कॅनने अडवली होती. पाच लिटरचा पांढरा कॅन, नवा कोरा. कपडे त्याच्या दोन्ही अंगांना कोंबले, मामीसाठी घेतलेल्या बांगड्या फुटू नयेत म्हणून ओढणीत गुंडाळल्या, आणि तरी चेन लागेना. शेवटी कॅन बाहेर काढून हातातच घेतला. वाटेत ज्याला त्याला प्रश्न पडला की ही बाई तेल आणायला निघाली की रॉकेल. एका आजोबांनी तर माझ्यासाठी हळहळ व्यक्त केली, की लातूरकरांवर आता पुण्याहून पाणी भरून न्यायची वेळ आली का! त्यांना काय सांगणार? खरोखर पाणीच आणायला निघाले होते.

माझ्या आईचं, अम्माचं, माहेर मावळातलं. लोणावळ्याजवळ औंढे गाव आहे, त्याच्याही पुढे डोंगराच्या कुशीत एक वाडी. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर येत्या शनिवारी तिथं गाड्यांची रांग लागेल, आणि रांग कशाला नको ते पुढे कळेलच. लग्न होऊन अम्मा लातूरला आली आणि आल्या आल्या तिचं इथल्या पाण्याशी जे भांडण झालं ते आजतागायत मिटलेलं नाही. आमच्या बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजता शिजत नाही. "जिथं डाळ शिजत नाही तिथली माणसं मऊ कशी होणार," असं ती अब्बांच्या देखत म्हणायची आणि अब्बा मिशीतल्या मिशीत हसायचे. तिच्या बोलण्यातलं माहेर म्हणजे घर किंवा अंगण नव्हतं. माहेर म्हणजे उंबराखालचा झरा आणि तिची मैत्रीण पारू.

अलीकडे अम्माची तब्येत फार उतरली आहे. औषधं अशी, की आजाराबरोबर अंगातली ताकदही खातात. साधं पोट बिघडलं तरी जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पाणी उकळायचं, गार करायचं, झाकायचं, मगच द्यायचं. खाण्यापिण्याबद्दल कधी हट्ट न करणारी ही बाई एका सकाळी गोळी तोंडात धरून बसली, ग्लास बाजूला सारला आणि म्हणाली, "रेहाना, मला एकदा उंबराचं पाणी आणून दे. एक घोट." मी हो म्हटलं. मग तिने पुस्ती जोडली, "आणि ते उकळायचं नाही. उकळलं की ते पाणी राहत नाही, औषध होतं."

त्यालाही मी हो म्हटलं. मी शाळेत भूगोल शिकवते. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे फळ्यावर दरवर्षी काढते. पण आईपुढे कुणाचा भूगोल चालतो?

परंदवडी

प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. सोमाटणे फाट्यावर उतरले तेव्हा मामू समोरच उभे होते. मामू म्हणजे अम्माचे धाकटे भाऊ. त्यांना जवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि सगळं घरदार वाडीवरून उठून परंदवडीला आलं, त्याला आता जमाना झाला. निवृत्त होऊनही अंगात कंपनीचं जाकीट होतं. "उबदार आहे," असं त्यांनी मी न विचारताच सांगून टाकलं. आधी मिसळ खाऊ, मग घरी जाऊ, असं ठरलं आणि मी आनंदाने खाल्ली. ही मिसळ लक्षात ठेवा, तिच्यावर पुढे आळ येणार आहे.

भातकापणीचे दिवस होते. रस्त्याच्या एका अंगाला इंद्रायणीची खाचरं, कापून ठेवलेल्या पेंढ्या, झोडपणीचे आवाज. दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या उंच शेडा आणि पाळी सुटल्यावर बाहेर पडणारी पोरं. वाऱ्याची दिशा बदलली की भाताचा वास जाऊन गरम रबराचा यायचा. मामूंना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, एका वासाने पोट भरलं आणि दुसऱ्याने पोरं शिकली, आता नाक मुरडून कसं चालेल.

घरी पोचताच मामीने तांब्या भरून पाणी पुढे केलं आणि मला लातूर आठवलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, "पाणी घेणार ना?" हो म्हटलं तर अर्धा पेला येतो. कंजूषपणा नसतो त्यात. उरलेलं ओतून द्यावं लागू नये एवढंच. मावळात विचारत नाहीत. तांब्या काठोकाठ भरून येतो, तुम्ही दोन घोट घेता आणि उरलेलं मामी बेधडक जास्वंदीच्या बुडात ओतते. माझा जीव दर वेळी कळवळला. पण हे पाणी फिल्टरचं होतं. स्वयंपाकघरात भिंतीवर यंत्र लावलेलं, त्याचा निळा दिवा. मामू म्हणाले, परंदवडीत आता कुणी विहिरीवर विश्वास ठेवत नाही. घरोघरी यंत्र, नाहीतर जार.

रात्री मटणाचा पातळ रस्सा आणि इंद्रायणीचा मऊ भात. भाकरीशिवाय आमचं जेवण होत नाही, पण तो भात बघून मी भाकरीचं नाव काढलं नाही. जेवताना कॅनची गोष्ट निघाली. मामू घास थांबवून हसले आणि मग त्यांनी घास परत ताटात ठेवला.

"तुझी आई अजून तितंच हाय," ते म्हणाले. "आमी सगळे हितं आलो, ती लातूरला गेली, पन हाय तितंच."

लोणावळ्याहून पुढे

दुसऱ्या दिवशी सोमाटण्याहून एसटीने लोणावळा. मामूंचे गुडघे चढाला नको म्हणतात, म्हणून मी एकटीच निघाले. बाजारात चिक्कीच्या दुकानांपुढे माणसांची झुंबड. शेंगदाण्याची, तिळाची, काजूची, आणि आता चॉकलेटचीसुद्धा. चॉकलेटची चिक्की बघून अम्माने कपाळाला हात लावला असता. मी साधी गुळाचीच घेतली, एक गरम वडापाव खाल्ला आणि जीप मिळेपर्यंत पुलाच्या कठड्याशी उभी राहिले. खाली ओढा होता. वरून दिसत होत्या त्या नुसत्या बाटल्या. पाण्याच्याच बाटल्या, पाण्यावर. एवढा पाऊस पडणाऱ्या गावात येऊन माणसं परगावचं पाणी विकत घेतात आणि बाटली इथल्या पाण्यात टाकून जातात, हे माझ्या लातूरच्या डोक्यात काही शिरेना. चिडचिड झाली. पण त्याच वेळी माझ्या पिशवीतही अशीच एक बाटली होती, त्यामुळे चिडचिड मनातच ठेवली.

औंढ्याला जीप सोडली आणि पुढचा रस्ता चालले. दोन्ही बाजूंना सोनेरी खाचरं, बांधावर बगळे, लांब लोहगडाची काळी रेघ. अम्मा हे सगळं सांगायची तेव्हा मला वाटायचं, माहेराला प्रत्येक बाई थोडा रंग चढवतेच. पण तिने चढवला नव्हता. उलट काही गोष्टी ती सांगायची विसरली होती. कापलेल्या भाताच्या धसकटांना ऊन लागलं की गोडूस वास येतो, ही त्यातली एक. रस्त्यात मध्येच उभी राहून मी तो वास घेत राहिले. मला रडू आलं. जिथं मी कधी राहिले नाही त्या जागेची मला आठवण येत होती. अशी आठवण वारशाने मिळते हे मला ठाऊक नव्हतं.

वाडीच्या तोंडाशीच मामूंचं जुनं घर होतं म्हणे. आता तिथं कुणाच्या तरी बंगल्याचं लोखंडी फाटक आहे. त्याच्याही वर डोंगराला पायऱ्यापायऱ्यांनी बंगले चढत गेलेले. आत हिरवळ, बाहेर भिंती, आणि शनिवार नसल्यामुळे सगळे बंद.

वाडी

पारूमावशी ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मी नाव सांगायच्या आतच त्यांनी सूप खाली ठेवलं.

"हमीची लेक न्हवं तू? हनवटीवरनं वळखलं." हमी म्हणजे माझी अम्मा, हमिदा. लातूरला तिला या नावाने हाक मारणारं कुणी नाही. मावशींनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, तांदळाचा कोंडा माझ्या गालांना लागला, आणि त्या आत वळल्या. "बस. आदी पानी पी."

तांब्याच्या लखलखीत कळशीतून त्यांनी तांब्या भरून आणला. मी प्याले. आता हे कसं लिहू? पाण्याला चव नसते असं मी वर्गात सांगते. या पाण्याला होती. गार होतं, हलकं होतं, घशाखाली उतरल्यावर जिभेवर काहीतरी गोड मागे राहत होतं. माझ्या आईने सगळा जन्म ज्याच्यासाठी कुरकुर केली ते हे. मी दुसरा तांब्या मागून घेतला.

मग मावशींनी मला झरा दाखवायला नेलं. घरामागच्या चढावर एक जुना उंबर, त्याच्या मुळांच्या बेचक्यातून पाणी दगडावर येतं. दगडात एक खळगा आहे, दोघींची तोंडं मावतील एवढा. अम्मा सांगायची, ती आणि पारू पालथ्या पडून तिथं पाणी प्यायच्या आणि कपाळाला कपाळ लागायचं. खळगा बघितल्यावर मला तिची आणखी एक गोष्ट आठवली. पारूच्या घरी गेली की ती ओट्यावरच बसायची आणि पारूची आई तिला पाणी वरून ओतून द्यायची, ओंजळीत. आत माठापर्यंत ती कधी गेली नाही. "माया लय केली त्या बाईनं माझ्यावर, पण पाणी वरूनच ओतलं," असं अम्मा सांगायची, तक्रार म्हणून नव्हे, हवापाणी सांगावं तसं. झऱ्यावर मात्र वरून ओतणारं कुणी नव्हतं. तिथं उभी असताना मला प्रथमच समजलं की अम्माला हेच पाणी का हवं होतं.

मी कॅन पुढे केला. मावशींनी तो हातानेच मागे सारला. म्हणाल्या, जायच्या दिवशी ये, ताजं भरून देते, हमीला शिळं पाठवायचं नाही.

आम्ही परत आलो तेव्हा ओट्यावर त्यांची सून उभी होती. सुनीता वाडीची आशाताई आहे. गरोदर बायांपासून तान्ह्या बाळांपर्यंत सगळ्यांची खबर तिच्याकडे. खांद्यावरची पिशवी न उतरवताच ती उपड्या तांब्याकडे बघत होती. मी कोण हे सासूने सांगितलं, तिने हात जोडले, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "ताई, तुम्ही कळशीतलं प्यालात का?"

प्याले म्हटल्यावर ती मटकन बसली. मग आत जाऊन फळीवरून दोन छोट्या बाटल्या घेऊन आली. पाणी चांगलं की वाईट हे बघायच्या बाटल्या, आरोग्य केंद्रातून मिळतात. पाणी भरून ठेवून द्यायचं. त्यात घाण असेल तर एक-दोन दिवसांत काळं पडतं. एका बाटलीत नळाचं पाणी होतं, ते जसंच्या तसं. दुसरीत झऱ्याचं. ते शाईसारखं काळं होतं.

तेव्हा मला त्या घराची रीत कळली. वाडीला आता नळ आहे. टाकीत पावडर टाकतात, औषधाचा थोडा वास येतो, पण घरचे सगळे तेच पितात. झऱ्याची कळशी वेगळी, ती फक्त पाहुण्यांसाठी. आणि हे एकट्या पारूमावशींचं नाही. वाडीत घरोघरी अशी एक कळशी आहे, घासून लखलखीत ठेवलेली.

"पावडरीच्या पान्याला दवाखान्याचा वास येतो," मावशी म्हणाल्या. "घरच्यांनी सोसावं. दारी आलेल्या मानसाला असलं पानी द्यायचं म्हंजी त्याला ऊठ म्हनल्यासारखं."

"आत्या, वर बंगले नव्हते तवाची गोष्ट येगळी," सुनीता म्हणाली. ती सासूला आत्या म्हणते. बंगल्यांच्या संडासाच्या टाक्या झऱ्याच्या वर, आणि वाडीने बांधलेल्या संडासांचे खड्डेही तिकडेच, कारण खाली सगळी भातशेती. डोंगर ते सगळं पितो आणि उंबराखाली सोडतो. पाणी दिसायला मात्र काचेसारखंच.

"कोन पडलं आजारी आजवर? सांग की," मावशींनी विचारलं.

सुनीता माझ्याकडे वळली. म्हणाली, वाडीत कुणी पडत नाही, कारण वाडी नळाचं पिते. पाहुणे पिऊन जातात आणि आपापल्या गावी जाऊन पडतात. तिथून आत्यांना कोण सांगायला येणार?

हे ऐकून मला हसू फुटलं, मग एकदम थांबलं, कारण आजची पाहुणी मी होते.

वाद तिथंच राहिला, कारण मावशी चहा ठेवायला उठल्या. घरात गॅस आहे. पण गॅसच्या चहाला चव नसते म्हणून त्यांची अंगणातली चूल चालूच. लाकडं ओली, फुंकणी घेऊन त्या फुंकत होत्या, धुराने आम्हा तिघींचे डोळे चुरचुरायला लागले, आणि सुनीता धुराने होणाऱ्या खोकल्यावर दुसरं भाषण देत होती. बिचारीला एका घरात किती आघाड्या सांभाळायच्या!

"माजी चूल ल्हानपनापासनं धुरतीच," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "हमी एका फुंकंत पेटवायची. तिला म्हनावं, अजून शिकले न्हाई मी."

पुन्हा परंदवडी

पुढच्या दिवशी पहाटेपासून मी आडवी. तपशील सांगत नाही, वाचकांपैकी कुणी जेवायला बसलेलं असेल. फाट्यावरची मिसळ, लोणावळ्याचा वडापाव आणि उंबराचे दोन तांबे, या तिघांपैकी गुन्हेगार कोण हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. मिसळ मामूंनीही खाल्ली होती आणि ते ठणठणीत होते. मामीने मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, नव्या तांदळाची पेज दिली, आणि मामूंनी घाबरून सुनीताला फोन लावला. तिने काय घ्यायचं, डॉक्टरकडे कधी न्यायचं, सगळं नीट सांगितलं. परतीचं तिकीट पुढे ढकललं.

संध्याकाळी अम्माचा फोन आला. आवाज अगदी बारीक. पारू कशी आहे, उंबर आहे का, बांधावर आंब्याचं झाड होतं ते आहे का. मग विचारलं, "भरलंस का पाणी?"

"भरणार आहे," मी म्हटलं. आणि फोन मामूंच्या हातात दिला.

मला धडधाकट बाईला ज्याने अंथरुणाला खिळवलं ते मी तिच्या ओठांना कसं लावणार होते? एक घोट म्हणते ती. तो एक घोट तिचा जीव घ्यायला पुरेल, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. आणि उकळायचं नाही हा शब्द तर मी देऊन बसले होते. ही आई आयुष्यात दुसरं काही मागणार नाही, हेही मला कळत होतं.

मामूंनी तोडगा काढला. म्हणाले, आपल्या फिल्टरचं भरून ने, झऱ्याचं म्हणून दे, तिला या वयात काय कळतंय. मी त्यावर विचार केला नाही असं म्हणणार नाही. बराच केला. पण मी ते पाणी प्याले होते. जिला सगळा जन्म ती चव विसरता आली नाही, तिला कळणार नाही असं कसं होईल? आणि कळूनही ती गप्प बसली असती, माझं मन राखायला. ते मला सोसलं नसतं.

उभं राहायला जमायला लागल्यावर मी कॅन घेऊन पुन्हा निघाले. भरायचा की रिकामा न्यायचा, हे ठरलेलं नव्हतं. पारूमावशींना तोंड दाखवून जायचं, एवढंच ठरलं होतं.

पुन्हा वाडी

ओट्यावर त्या नव्हत्या. सूप भिंतीला टेकवलेलं. अंगणात धूर मात्र ओळखीचाच. हाक मारली तर आतून आवाज आला, आत ये म्हणून.

मी ओट्यावरच बसले. बाहेर बसायची सवय अम्माची, ती माझ्या अंगात कशी आली कोण जाणे. मावशी दारात आल्या. त्या मला वाळल्यासारख्या वाटल्या. सुनीताने फोनवर सांगितलं होतं, मी आजारी पडल्याचं कळल्यापासून त्यांच्या घशाखाली घास नीट उतरत नाही. आपल्या हातचं पाणी पिऊन दारचं माणूस पडलं, याच्यापरती नामुष्की त्यांना माहीत नव्हती. आणि पडलेलं माणूस हमीची लेक. त्यांनी माझा दंड धरला आणि मला उंबऱ्याच्या आत, थेट स्वयंपाकघरात नेऊन माठाशेजारच्या पाटावर बसवलं.

तांब्याची कळशी फळीवर उपडी घातलेली होती. मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"उपडी केली," त्या म्हणाल्या. "शेजारनींनाबी सांगून आले. आयकतील तवा आयकतील."

मग माठावरचं झाकण काढून त्यांनी पेला बुडवला आणि माझ्या हातात दिला. पावडरीचा वास होता. दवाखान्याचाच. मी सगळा पेला संपवला आणि त्या मी पिऊन होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या.

चुलीपाशी एक मोठं पातेलं पांढऱ्या फडक्याने बांधून निवत ठेवलेलं होतं. सकाळपासून त्या ते तापवत होत्या, सुनीताने शेजारी उभं राहून चांगली खळखळून उकळी येऊ दिली होती. माठातलंच, नळाचं पाणी. सुनीताने माझा कॅन कढत पाण्याने आतून विसळला, मावशींनी फडकं सोडलं आणि स्वच्छ पातेलीने भरायला सुरुवात केली. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"मावशी, तिनं झऱ्याचं मागितलंय," मी म्हटलं. "आणि न उकळलेलं." कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

त्या भरत राहिल्या. झाकण घट्ट लावलं, पदराने कॅन पुसला, आणि मग बोलल्या.

"झऱ्याचं पानी पाव्हन्याला देतात. हमी काय पाव्हनी हाय? तिला सांग, पारूनं माठातलं धाडलंय. आमी पितो ते." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आयेनं तिला कंदी आत घेतलं न्हाई. मलाबी तवा काय कळत न्हवतं. आता म्हनावं, ह्ये आतलं हाय."

सुनीता तोंड फिरवून उगाच भांडी लावायला लागली. मी कॅन मांडीवर घेतला. अजून कोमट होता.

निघताना आम्ही झऱ्यावरून आलो. पाणी तसंच वाहत होतं, काचेसारखं, गोड. खळग्याशी मावशी थांबल्या आणि मी लहान मूल असल्यासारखा माझा हात धरून मला पुढे काढलं.

लातूर

घरी पोचल्यावर मी चप्पल काढायच्या आत अम्मा उठून बसली होती. तिला दिसला तो कॅन. मी आधी त्याला पुन्हा एक उकळी दिली, तिच्या देखत, आणि ती नाराजीने बघत राहिली. निवल्यावर काचेच्या ग्लासात ओतून दिलं. तिने ग्लास उजेडात धरला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"हे उंबराचं नाही."

"नाही," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. वरचे बंगले, काळी पडलेली बाटली, माझं आजारपण. यातलं काही तिच्यापर्यंत पोचतंय की नाही कळेना. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, लग्नाने एकदा तुटलेलं तिचं माहेर मी दुसऱ्यांदा तोडलं. मग मी पारूमावशींचा निरोप सांगितला, त्यांच्याच शब्दांत. मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही, तरी सांगितला. पाव्हनी हाय का हमी. माठातलं धाडलंय. आतलं हाय.

अम्मा खिडकीकडून वळली. मग तिने दोन्ही हातांनी ग्लास उचलला आणि डोळे मिटून एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. गिळला. दुसरा घेतला. तिच्या कपाळावर आठी पडली.

"धुराचा वास येतोय," ती म्हणाली.

"अंगणातल्या चुलीवर तापवलं त्यांनी. सकाळपासून."

"अजून चूल पेटवता येत नाही पारीला," अम्मा म्हणाली, आणि ग्लास रिकामा करून माझ्यापुढे धरला. "दे अजून."